टाकाची मागली बाजू

आमच्या दुकानात दिवसातून निदान वीस वेळा एकच प्रश्न येतो: हे काळं तर पडणार नाही ना? विचारणाऱ्या बाईच्या हातातले झुमके तेव्हा काळेच असतात. काळे म्हणूनच तिने ते उचललेले असतात. तरी ती विचारते, आणि मी नाही म्हणते. उभं राहून राहून पाय भरून आले की माणूस फार समजावत बसत नाही.

तुळजापुरात देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या मामांचं, गुरुलिंग अप्पांचं, चांदीचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे पडद्याआड भट्टी. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर मी प्रयोगशाळा सहायकाच्या दोन परीक्षा दिल्या. दोन्हींचे निकाल अजून लागायचे आहेत. तोवर, म्हणजे गेलं दीड वर्ष, मी काउंटरवर आहे.

मामा चांदीला ऑक्सिडाइज ‘मारतात’. त्यांच्या तोंडी हा शब्द रंग मारावा तसा येतो. गंधकापासून बनवलेलं पिवळट पाणी कोमट करायचं, त्यात पैंजण किंवा बाळी बुडवायची. सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि बघता बघता चांदी काळी होते. मग वरवरचा भाग पुसून उजळ करायचा. खोलगट जागी काळं राहतं आणि नक्षी उठून दिसते. पहिल्याच आठवड्यात मी मामांना सांगितलं होतं की तुमचा शब्द चुकीचा आहे, या काळ्यात ऑक्सिजन नसतोच, चांदी आणि गंधक एवढंच असतं. मामांनी ऐकून घेतलं. दोन दिवसांनी बांगड्या लावताना मला आमच्या फिरोज सरांचा तास आठवला. शब्द ऑक्सिजनवरून पडला, पण त्याचा अर्थ पुढे रुंद झाला. एखाद्या पदार्थाने आपले इलेक्ट्रॉन गमावले की तो ऑक्सिडाइज झाला, मग घेणारा ऑक्सिजन असो, गंधक असो की आणखी कुणी. चांदी इलेक्ट्रॉन देते, गंधक घेतो. म्हणजे शब्द बरोबर होता. मी तसं कबूल केलं तेव्हा मामा म्हणाले, “मग आमचं बरोबरच होतं की,” आणि चहा मागवला.

फिरोज सरांची एक सवय होती. उत्तरपत्रिकेत कुणी ‘चांदी ऑक्सिडाइज झाली’ एवढंच लिहून पुढे गेलं, तर ते समासात लाल शाईने लिहायचे: कशाने? ते म्हणायचे, एकट्याने ऑक्सिडाइज होता येत नाही. एकाने गमावलं तर कुणीतरी घेतलेलं असणारच, त्याचं नाव लिहा. माझा अर्धा गुण त्या ‘कशाने’पायी तीनदा गेला आहे.

सारजाबाई आणि बलभीम आले तो कोजागिरीनंतरचा बुधवार होता. नवरात्रापासूनची गर्दी ओसरली होती. रस्त्यावर नारळाच्या शेंड्या आणि फाटक्या पिशव्या पडलेल्या, समोरचा कुंकवाचा दुकानदार स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होता. दुपारचे तीन वाजले असतील. बलभीम पन्नाशीचा, अंगाने थोराड, परंड्याला कांद्याचा व्यापार करणारा. शर्टाला कांद्याचा वास होता. त्याच्यामागून सारजाबाई पायरी चढल्या त्या एकेका पायाला थांबत. सत्तरीच्या आतबाहेर असतील. कपाळ मोकळं होतं. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक छोटा चांदीचा टाक होता, आणि त्यांचा उजवा अंगठा त्या टाकावरून गोल गोल फिरत होता. आल्यापासून तो थांबलाच नाही.

“अप्पा, हा टाक आटवायचा,” बलभीम म्हणाला. “आन याच चांदीत नवा पाडून द्यायचा. सुक्करवारी वास्तुशांती हाय.”

टाक म्हणजे देवघरात ठेवायची, पत्र्यावर ठसा उठवून केलेली चांदीची प्रतिमा. हा देवाचा नव्हता, सवतीचा होता. पहिली बायको वारली की दुसरीने तिच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा, अशी आमच्याकडे कितीतरी घरांत रीत आहे. बलभीमची आई तो दोन वर्षांचा असताना गेली. वर्षभराने सारजाबाई त्या घरात आल्या, आणि लग्नाच्या मांडवातच सासूने हा टाक त्यांच्या गळ्यात बांधला. बलभीम त्यांना मावशी म्हणत होता. चार वर्षांपूर्वी नवरा गेला. मंगळसूत्र उतरवलं तेव्हा भावकीतल्या बायका म्हणाल्या, आता हाही काढ. त्यांनी काढला नाही.

हे सगळं बलभीमनेच सांगितलं. आईचा फोटो नव्हता, लग्नातलासुद्धा नव्हता. लहानपणी त्याने आई पाहिली ती या टाकावर. दोन डोळे, नाकात नथ, डोक्यावरून पदर. नव्या घराच्या देवघरात देवांशेजारी आईचा टाक बसवायचा म्हणून त्याने तो मागितला, आणि मावशीच्या गळ्यातच धरून बघतो तर चेहराच नाही. झिजलेला टाक पुजत नाहीत, पुरोहितांनी सांगितलं. म्हणून आटवायचा.

मी भिंग लावून पाहिलं. गळ्यातून न काढताच सारजाबाईंनी तो माझ्यासमोर धरला होता. पत्र्याची कड शाबूत होती, मधला भाग आरशासारखा गुळगुळीत. पदराची एक रेघ उरली होती, तीही तिरप्या उजेडात दिसेल न दिसेल अशी.

“घासून घासून पुसली माझी आई,” बलभीम म्हणाला. आवाज चढवून नाही, हवामान सांगावं तसं. “दर मंगळवारी राखुंडी घेऊन बसायची ही. म्या बारका हुतो तवापासून बघतोय.”

सारजाबाईंनी टाक भिंगाखालून मागे घेतला. हे त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं नव्हतं, एवढं कळत होतं.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आपल्या दुकानाची रीत सांगितली. सवतीचा टाक, घालणारी बाई जिवंत असेल तर, ती स्वतःच्या हाताने काढून देईल तरच ते भट्टीत टाकतात. त्यांच्या वडिलांनीही तसंच केलं होतं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नाही, मुलाच्याही नाही. बलभीम सारजाबाईंकडे बघत राहिला. अंगठा टाकावर फिरत राहिला. शेवटी त्या म्हणाल्या, “आटवायचा न्हाय. म्या मेल्यावर काय करायचं ते करा.”

“तवर माझं देवघर मोकळं ठेवू का?”

“ठेव की. एवढी वर्सं कुठं हुतं तुझं देवघर?”

बलभीम बाहेर जाऊन पायरीवर बसला. मला त्या दोघांना घरी जा म्हणावंसं वाटलं. दिवसभरात माणसं दुकानात येऊन भांडतात, आपण मध्ये उभे राहतो, आणि संध्याकाळी पायांबरोबर कानही दुखतात. पण दोन गोष्टी मला सोडवत नव्हत्या. एक, मामांच्या काळ्या पाण्याने काही साधेल का? उरलेल्या रेषा डोळ्यांना दिसत नसल्या तरी जरा जरी खोल असतील, तर काळं त्यांत बसेल आणि कदाचित चेहरा थोडाफार वर येईल. तसं झालं तर आटवायला नको. आणि दुसरी गोष्ट साधीच होती: चांदी दर मंगळवारी घासावी लागेल इतकी काळी पडतच नाही. आमच्या घरचे टाक वर्षातून एकदा, दसऱ्याला उजळतात.

मी सारजाबाईंना स्टूल दिलं आणि पहिली गोष्ट सांगितली. म्हटलं, भट्टीजवळ नेणार नाही, तुमच्या डोळ्यांसमोर ठेवीन, फक्त एकदा बुडवून बघू. त्यांनी विचारलं, झिजंल का आणखी? मी म्हटलं, नाही, यात घासायचं काही नाही. मग मानेमागे हात नेऊन गाठ शोधू लागल्या. बोटं वळत नव्हती. मी सोडून देऊ का विचारलं, तर मामांनी मला डोळ्यांनी थांबवलं. गाठ त्यांनीच सोडली. वेळ लागला. टाक माझ्या तळहातावर आला तेव्हा तो गरम होता.

बुडवण्याआधी मळ काढायला हवा, म्हणून मामांनी रिठ्याचं पाणी केलं आणि टाक त्यात मऊ ब्रशने धुतला. मी तो पालथा केला. तोवर मागली बाजू कुणीच पाहिली नव्हती. गळ्यात असताना ती छातीला टेकलेली असते, आणि तिच्यावर घाम, हळद आणि पावडर यांचा दगडासारखा थर बसला होता. रिठ्याच्या पाण्यात तो सुटू लागला. खाली काळं होतं. मला वाटलं, मळच आहे अजून. मी पुन्हा ब्रश फिरवला. काळं हललं नाही. मग भिंग लावलं.

पत्र्यावर ठसा मारला की पुढे जे उंच होतं ते मागे खोल होतं. पुढचं नाक म्हणजे मागचा खड्डा. पुढचं सगळं राखुंडीने आणि अंगठ्याने घासून सपाट झालं होतं, पत्रा जाड म्हणून भोक तेवढं पडलं नव्हतं. मागच्या खड्ड्यांत मात्र अंगठा कधी पोचला नव्हता, पोचणारच नव्हता. तिथे दोन डोळे होते, नथ होती, डोक्यावरचा पदर होता, पदराच्या काठाचे ठिपकेसुद्धा होते. उलट्या बाजूने, आत वळलेला, पण पूर्ण चेहरा. आणि प्रत्येक रेषेत काळं भरलेलं, मामा हाताने भरतात त्यापेक्षा नेटकं.

“मामा, बुडवायची गरज नाही,” मी म्हटलं. “हा झालाय आधीच ऑक्सिडाइज.”

मामांनी हातात घेतला, खिडकीशी नेला. “काम चांगलं आहे,” ते म्हणाले. “कुणी मारलं?”

कुणी मारलं नव्हतं, आपोआप झालं होतं. पण ‘आपोआप’ हा शब्द तोंडातून निघाला आणि मला समासातली लाल शाई दिसली. कशाने? चुलीच्या धुराने, घामाने चांदी मंदपणे काळवंडते. इतकी दाट आणि दर आठवड्याला नाही. इथे रोज, जवळून, गंधक येत असला पाहिजे. मी सारजाबाईंना विचारलं, तुम्ही काम काय करत होता?

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. म्हणाल्या, फटाक्याचं. तेरखेड्याला. त्यांचं सासर त्याच वाशी तालुक्यातलं, कारखान्यांना जवळ. एकतीस वर्षं त्यांनी फटाक्यांच्या नळ्यांत दारू भरली. आठवड्याला हजेरी, म्हणजे मजुरी, मिळायची. गुडघे गेले तेव्हा थांबल्या.

“आणि टाक?”

“गळ्यातच.” धातूचं काही अंगावर ठेवायचं नाही, असा मुकादमाचा दंडक होता. बांगड्या, जोडवी, सगळं दारात काढून ठेवायचं. पण हा कसा काढणार? त्यांनी तो पोलक्याच्या आत, अंगाला लावून, एकतीस वर्षं लपवला. हात लागायचाच. बोटं पिवळी असायची, त्या म्हणाल्या, धुतली तरी पिवळी.

त्या दारूत गंधक असतो. एवढंच मला हवं होतं. मी त्यांना सांगितलं, जमेल तितकं सरळ सांगितलं: चांदी आणि गंधक एकमेकांजवळ आले की चांदीचं काहीतरी जातं, गंधक ते घेतो, आणि त्यातून हे काळं होतं. आम्ही दुकानात मुद्दाम करतो तेच तुमच्या गळ्यात रोज होत होतं. तुम्ही मंगळवारी राखुंडीने काढायचात, त्याबरोबर थोडी चांदीही जायची. बुधवारी पुन्हा कामावर, पुन्हा काळं.

सारजाबाईंचा अंगठा आता रिकाम्या बोटांवर फिरत होता. “गंधकानं?” त्यांनी विचारलं.

“गंधकाने.”

“ती रुसली म्हणून न्हाय?”

मला आधी समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता. लग्नाला महिना झाला नसेल, त्या कामावर जाऊ लागल्या आणि टाक काळा पडला. सासू म्हणाली, सवत रुसली, पोराला नीट बघत न्हाईस तू. त्यांनी घासून उजळ केला. आठ दिवसांत पुन्हा काळा. मग त्या पोराला आणखी जपू लागल्या, त्याच्या ताटात आधी वाढू लागल्या, पुढे स्वतःची लेक झाली तिलाही मागं ठेवून. तरी काळा. उपास धरला. तरी काळा. गल्लीतल्या बायका गळ्याकडे बघायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. म्हणून दर मंगळवारी राखुंडी, टाक गळ्यातच ठेवून, पुढूनच. घासताना त्या तिच्याशी बोलायच्या, काय काय केलं पोराचं ते सांगायच्या. आज भाकरी दूध दिलं. आज दप्तर घेतलं. आज ताप उतरला.

“मग म्या एवढी वर्सं कुणाची समजूत काढत हुते?” त्या म्हणाल्या.

बलभीम केव्हातरी पायरीवरून आत येऊन उभा होता. किती ऐकलं ते त्यालाच माहीत. मामांनी टाक त्याच्या हातात दिला, मागली बाजू वर करून, आणि खिडकीकडे बोट केलं. तो खिडकीशी गेला.

तिथे तो बराच वेळ उभा होता. आत वळलेला चेहरा कसा बघायचा ते सुरुवातीला कळत नाही. टाक जरा हलवावा लागतो, मग एकदम खड्डे उंच दिसू लागतात आणि बाई आपल्याकडे बघते. ते त्याला कधी दिसलं हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. हे मुखडे एकाच ठशातले असतात, शंभर घरांतल्या शंभर सवतींचे, हे मामांना माहीत होतं आणि मलाही. ते आम्ही बोललो नाही.

“भाकरीला वास यायचा,” तो खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला. “हिच्या हाताचा. शाळंत पोरं म्हणायची, बल्या फटाके खातो. म्या डबा फेकून द्यायचो.” थोड्या वेळाने म्हणाला, “फी त्याच हजेरीतनं जायची.”

सारजाबाई म्हणाल्या, “फेकत हुतास व्हय? म्हनूनच वाळला हुतास.”

मामा हसले, पण आवाज न करता. बलभीम परत आला. टाक त्याने काउंटरवर, सारजाबाईंसमोर, ठेवला. आटवायचा न्हाय, असं मामांना म्हणाला. वास्तुशांतीला तसाच ठेवू, चेहरा वर करून, पुरोहिताला काय सांगायचं ते सांगतो. पण आता न्हाय. आता मावशीकडंच राहू दे.

मी दोरा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. मानेवर, दोरा असायचा तिथे, एक फिकट रेघ होती, आणि तिच्याभोवतीची सगळी मान उन्हाने काळी. त्यांनी त्या रेघेवर हात ठेवला.

“तूच घे,” त्या बलभीमला म्हणाल्या. “माझी मान दुखती.”

तो म्हणाला, तसं न्हाय मावशी, तुमचा हाय तो. त्या म्हणाल्या, तिचं काही म्हणणं नव्हतं हे कळल्यावर आता मी तो का वागवू? राग आहे असं वाटायचं तोवर घालणं भाग होतं. आता तुझी आई हाय, तू बघ. यात रुसवा नव्हता. दिवसभराचं ओझं उतरवून ठेवताना माणूस जसं बोलतं तसं त्या बोलत होत्या. बलभीमने आणखी एकदा नको म्हटलं. मग टाक उचलला, आणि तो कुठे ठेवायचा ते त्याला कळेना. पुरुषाने गळ्यात घालायची रीत नाही. शेवटी शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबून धरला.

मी सांगायला नको होतं, पण सांगितलं. घासू नका, पुसायचाच तर मऊ कापडाने पुसा, आणि कांद्याच्या वखारीजवळ ठेवू नका, कांद्यातही गंधक असतो.

“ताई,” तो म्हणाला, “माझ्या घरात कांद्याबिगर हाय काय?” आणि आल्यापासून पहिल्यांदा हसला. “पडू दे काळी. आता कोन घासतंय.”

मामांनी त्यांच्याकडून काही घेतलं नाही, रिठ्याच्या पाण्याचं काय घ्यायचं म्हणाले. ते दोघं उतरले. सारजाबाई पायरीला थांबत, बलभीम त्यांची पिशवी धरून. समोरच्या चहाच्या टपरीपुढे एक बाकडं आहे, परंड्याकडच्या बसला वेळ असला की माणसं तिथे बसतात. तिथे ती दोघं बसली. मी झुमके परत लावायला घेतले. त्यांचे खिळे सकाळपासून कुणीतरी उलटे अडकवून ठेवले होते.

लावता लावता मी वर बघत होते. सारजाबाईंचा उजवा अंगठा पुन्हा फिरायला लागला होता. टाक नव्हता. तो तर्जनीच्या पेरावर फिरत होता, गोल, तसाच. त्यांना ते माहीत नसावं. त्या रस्त्याकडे बघत होत्या. बलभीम त्या हाताकडे बघत होता. एकदा त्याचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. मग टपरीवाल्याने दोन ग्लास आणून ठेवले. त्यातला एक बलभीमने उचलला, कडेला बोट लावून फार गरम नाही ना ते पाहिलं, आणि तो त्या हातात दिला.

अंगठा थांबला. ग्लास धरायला तो लागतोच.